पर्यटकांची करमणूक आणि सरकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्यटकांची करमणूक हा सरकारचा विषय आहे तरी का? हे काम हॉटेलवाले आणि नाटककंपन्या करतीलच की.

पर्यटक दिवसभर डोंगर, समुद्र, वाडे, संग्रहालयं बघतो. खरा प्रश्न दिवस मावळल्यावर सुरू होतो. सहा वाजता सगळं बंद झालं की तो खोलीत जाऊन फोन बघत बसतो आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला निघतो. ज्या गावात संध्याकाळी बघण्याऐकण्यासारखं काही असतं तिथे तो एक रात्र जास्त राहतो आणि गावाशी त्याची थोडी ओळख होते.

ही संध्याकाळ उभी करायला जे लागतं त्यातलं बरंचसं आधीच सरकारच्या हातात असतं. चौक सरकारचा, रस्ता सरकारचा, ध्वनिक्षेपकाची परवानगी सरकारची, पोलीस बंदोबस्त सरकारचा आणि शेवटची बस किती वाजता सुटणार हे ठरवणारंही बहुतेक ठिकाणी सरकारच. म्हणजे सरकारने काहीच केलं नाही तरी तो एक निर्णयच असतो. त्यामुळे सरकारने कुठे हात घालायचा आणि कुठून काढून घ्यायचा, हे ठरवणं भाग आहे.

मग सरकारनेच चांगले कार्यक्रम बसवून दाखवले तर?

माझं स्पष्ट मत: सरकारने मांडव घालावा, खेळ कलावंतांना करू द्यावा.

ध्वनिप्रकाश कार्यक्रमाचंच बघा. फ्रान्समधल्या शाम्बोरच्या राजवाड्यात १९५२ मध्ये पॉल रोबेर-उदँ यांच्या कल्पनेतून पहिला असा कार्यक्रम झाला. जुन्या भिंतींवर प्रकाश पडतो, अंधारातून आवाज येतो आणि वास्तू स्वतःच बोलायला लागते. कल्पना सुंदर होती. पुढे ती जगभर गेली आणि बऱ्याच ठिकाणी सरकारी खात्यांच्या हाती पडली. तिथे तिचं काय होतं ते मी अनेकदा पाहिलं आहे. एकदा ध्वनिमुद्रण झालं की तेच वर्षानुवर्षं वाजत राहतं, दिवे मधूनमधून लागत नाहीत, निवेदकाची भाषा जुनाट वाटायला लागते. तरी बदलायचं कोणाच्या मनात येत नाही, कारण बदलायचं म्हणजे नवी फाईल, नवी मंजुरी, नवी निविदा. यात दोष एखाद्या अधिकाऱ्याचा नसतो. ज्या यंत्रणेला चुकण्याची मुभाच नाही तिच्याकडून नवं काही निघणं अवघड असतं, आणि कलेला तर रोज थोडं चुकून बघावं लागतं.

उलट उदाहरण एडिंबराचं. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये तिथे आंतरराष्ट्रीय कला महोत्सव सुरू झाला, त्याच्यामागे शहराची पालिका उभी होती. त्याच वर्षी आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना आल्या आणि त्यांनी मुख्य महोत्सवाच्या कडेने, मिळेल त्या जागेत प्रयोग केले. यातूनच ‘फ्रिंज’ उभा राहिला. आज तो जगातला सगळ्यात मोठा कला महोत्सव मानला जातो, आणि तिथे कोणाचे प्रयोग व्हावेत हे ठरवणारी निवड समिती आजही नाही. ज्याला जागा मिळाली त्याने खेळ करावा. एवढा पसारा पेलायला शहराला भरपूर काम करावं लागतं: सभागृहांची सुरक्षा तपासणी, वाहतूक, सफाई, रस्ते मोकळे ठेवणं. कुठलं नाटक चांगलं हे मात्र पालिका सांगत नाही.

‘मांडव घालणं’ म्हणजे नेमकं काय?

सगळ्यात आधी जागा. तात्पुरतं व्यासपीठ, भाड्याच्या खुर्च्या, भाड्याचा जनित्र संच यांवर दरवर्षी खर्च होतो आणि चार दिवसांनी मैदान पुन्हा मोकळं. रिओ दी जानेरोमध्ये सांबा मिरवणुकीसाठी दरवर्षी प्रेक्षकांच्या पायऱ्या उभारायच्या आणि काढायच्या, असंच चालायचं. १९८४ मध्ये तिथे वास्तुरचनाकार ऑस्कर नीमायर यांचं कायमस्वरूपी सांबाड्रोम उभं राहिलं. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली शाळेचे वर्ग काढले होते. मिरवणूक वर्षातून काही रात्री असते, मुलं मात्र रोज शिकायची. पर्यटकांसाठी बांधलेली जागा उरलेल्या दिवसांत गावाच्या उपयोगाची असली पाहिजे, ही अट प्रत्येक सरकारने स्वतःला घालून घ्यावी.

मग परवानग्या. एका छोट्या मैफिलीसाठी पाच कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागत असतील तर मोठ्या आयोजकाला ते परवडतं, त्याच्याकडे त्यासाठी माणूस असतो. मारला जातो तो चार जणांचा गट. न्यूयॉर्कमध्ये १९२६ पासून असा कायदा होता, की खास परवाना नसलेल्या खाण्यापिण्याच्या जागी लोकांनी नाचायचं नाही. तो रद्द व्हायला २०१७ साल उजाडलं. जुन्या परवान्यांची यादी काढून त्यातले किती अजून लागतात हे बघणं, याला जवळजवळ पैसेच लागत नाहीत.

त्याच न्यूयॉर्कने भुयारी रेल्वेत मात्र वेगळी वाट काढली. १९८५ पासून तिथे वाहतूक प्राधिकरण वादकांची चाचणी घेतं आणि निवडलेल्यांना स्थानकांत वाजवायच्या जागा आणि वेळा ठरवून देतं. लंडनच्या भुयारी रेल्वेनेही २००३ मध्ये अशी योजना आणली. रस्त्यावरच्या कलावंताला हाकलण्याऐवजी त्याला उभं राहायला हक्काची जागा दिली, आणि प्रवाशाला फुकटात संगीत मिळालं.

आणि परतीची सोय. रात्री अकराला कार्यक्रम संपतो आणि शेवटची बस साडेदहाला असते, अशा गावात कितीही उत्तम नाटक आणा, खुर्च्या रिकाम्या राहतील.

कार्यक्रम चांगला असेल तर तो स्वतःच्या तिकिटांवर चालायला हवा. सरकारने पैसे का घालायचे?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर अर्थशास्त्रात आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं, की कारखान्यात यंत्रं आली की त्याच माणसाकडून जास्त माल निघतो, पण चार वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जेवढी माणसं आणि जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो. बाकीच्या क्षेत्रांतले पगार वाढतात तसं कलावंतांचं मानधनही वाढवावं लागतं, उत्पादन मात्र वाढत नाही. खर्च आणि तिकीट यांतली दरी दरवर्षी रुंदावत जाते. ती फक्त तिकिटांतून भरायची तर तिकीट इतकं महाग होतं की गावातला माणूस बाहेर राहतो.

यावर ऑस्ट्रियाने काढलेला तोडगा मला सगळ्यात शहाणा वाटतो. साल्झबुर्गचा संगीत-नाट्य महोत्सव १९२० चा. त्याच्यासाठी १९५० मध्ये खास कायदा झाला आणि तूट कोणी भरायची हे त्यात लिहून ठेवलं गेलं: ४० टक्के केंद्र सरकार, २० टक्के प्रांत, २० टक्के शहर आणि उरलेले २० टक्के पर्यटन विकास निधी. यात दोन गोष्टी साधतात. संचालकाला दरवर्षी झोळी घेऊन फिरावं लागत नाही, तो तीन वर्षांपुढचं ठरवू शकतो. आणि महोत्सवामुळे ज्यांच्या खोल्या भरतात त्या पर्यटन व्यवसायाकडूनही खर्चाचा वाटा येतो.

लास व्हेगासची रीत आणखी सरळ. तिथे १९५५ मध्ये पर्यटनासाठी वेगळं सार्वजनिक मंडळ स्थापन झालं आणि त्याचा मुख्य आधार हॉटेलच्या खोल्यांवरचा कर. पाहुण्याकडून आलेला पैसा पाहुण्यासाठीच्या सोयींवर, हे तत्त्व पटण्यासारखं आहे. मात्र हा पैसा नुसत्या जाहिरातीत आणि मोठमोठ्या इमारतींत जिरतो की काही भाग कलावंतांपर्यंत पोचतो, यावर लोकांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं पाहिजे.

‘दर्जेदार’ म्हणजे काय, आणि ते कोण ठरवणार?

माझी कसोटी एकच आहे: गावातला माणूस स्वतःच्या मर्जीने, आपल्या मुलांना घेऊन तो कार्यक्रम बघायला जातो का? जात नसेल तर तो पर्यटकांच्या माथी मारलेला माल आहे. पर्यटकालाही ते कळतं. सगळा प्रेक्षक आपल्यासारखाच परका आहे हे दिसल्यावर त्याला आपण दुकानात बसल्यासारखं वाटतं.

फ्रान्समधल्या आव्हिन्यों गावी १९४७ मध्ये झाँ व्हिलार यांनी पोपच्या जुन्या महालाच्या अंगणात नाटकं सुरू केली. नाटक ही पाणी-विजेसारखी सार्वजनिक सेवा आहे असं ते मानत. तिकीट सामान्य माणसाला परवडावं, हा त्यांचा आग्रह. महोत्सव उभा राहिला तो नाटकावर प्रेम करणाऱ्या प्रेक्षकांसाठी, आणि पर्यटक त्याच्या मागून आले. लंडनच्या राष्ट्रीय संग्रहालयांनीही डिसेंबर २००१ पासून कायमच्या दालनांचं प्रवेशशुल्क सगळ्यांसाठी काढून टाकलं. त्याचा फायदा शाळकरी मुलांनाही झाला आणि परदेशी पाहुण्यांनाही.

म्हणून निवड समितीत पर्यटन खात्याचा माणूस एखादाच असावा. बाकी कलावंत, रसिक, गावातले लोक असावेत आणि दर दोन-तीन वर्षांनी ते बदलावेत, नाहीतर समितीचंच संस्थान होतं.

पर्यटकांसाठी परंपरागत कला आखूड करून, सोपी करून दाखवणं योग्य आहे का?

या प्रश्नावर भावनेच्या भरात दोन्ही बाजूंनी बोललं जातं. ‘परंपरेला हात लावू नका’ हे म्हणणं सोपं आहे, पण कलावंताचं पोट त्याने भरत नाही. ‘लोकांना जे हवं ते द्या’ हेही सोपं आहे, पण त्या वाटेने गेलेली कला दहा वर्षांत ओळखू येत नाही.

बाली बेटावरच्या लोकांनी यावर जो विचार केला तो वाचण्यासारखा आहे. पर्यटक वाढायला लागले तशी देवळातली नृत्यं हॉटेलांत दिसू लागली. १९७१ मध्ये तिथे पंडित, कलावंत आणि अधिकारी यांची एक परिषद भरली आणि नृत्यांचे तीन वर्ग ठरवले गेले: देवळाच्या आतल्या भागात, विधीचा भाग म्हणूनच होणारी, विधीच्या जोडीने होणारी, आणि निव्वळ करमणुकीसाठी कुठेही करता येणारी. पाहुण्यांच्या स्वागताला देवळातलं नृत्य वापरणं बरं दिसेना, तेव्हा त्याच्या जागी स्वागतासाठी वेगळं नृत्यच रचलं गेलं. रेषा प्रत्येक वेळी पाळली गेली असं नाही, कुरबुरी पुढेही झाल्या. पण रेषा कुठे आहे हे ठरवलं कोणी? ज्यांची ती कला होती त्यांनी. सरकारने बैठकीची सोय केली आणि निर्णयाला मान दिला. २०१५ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत बालीची नृत्यं घेतली तीही याच तीन वर्गांनिशी.

दुसरं उदाहरण मोरोक्कोतल्या माराकेश शहराच्या जमा अल-फना चौकाचं. कथेकरी, गारुडी, वादक, वैदू रोज संध्याकाळी तिथे कोंडाळी जमवतात. असा चौक ‘वारसा’ म्हणून जपायचा कसा? तिथे जपण्यासारखी इमारत नाही, आहे तो माणसांचा राबता. युनेस्कोने २००१ मध्ये या चौकाला मानवजातीचा मौखिक आणि अमूर्त वारसा म्हणून मान दिला. तरीही कथेकरी कमी होत गेले, कारण पर्यटकाला त्यांची भाषा कळत नाही आणि फोटो काढून तो पुढे सरकतो. मला वाटतं, अशा ठिकाणी पैसा जाहिरातीला घालण्यापेक्षा म्हाताऱ्या कथेकऱ्याच्या हाताखाली दोन तरुण शिकतील आणि त्या काळात त्यांना विद्यावेतन मिळेल, याला घालावा.

कलावंतांना यातून काय मिळतं?

बऱ्याचदा टाळ्या, हार आणि ‘बिल पाठवून द्या’. यावर मला मनापासून राग येतो. दिव्यांच्या कंत्राटदाराला आगाऊ रक्कम मिळते आणि ज्याच्यासाठी लोक जमले तो गायक सहा महिने कार्यालयात खेपा घालतो. मानधनाचा अर्धा भाग आधी आणि उरलेला कार्यक्रमाच्या रात्रीच, हा नियम लिहून ठेवला तर सरकारचं काहीही बिघडणार नाही.

कलावंताचं पोट सांभाळलं नाही तर काय होतं हे आव्हिन्योंने २००३ मध्ये पाहिलं. हंगामी काम करणारे रंगकर्मी आणि तंत्रज्ञ यांच्या बेरोजगारी विम्याचे नियम बदलले, संप झाला आणि तो अख्खा महोत्सव रद्द करावा लागला. हॉटेलं, खाणावळी, टॅक्सीवाले, सगळ्यांना त्याची झळ बसली. रंगमंचामागचा माणूस हाच त्या गावाच्या उन्हाळ्याचा कणा होता, हे त्या वर्षी हिशेबातच दिसलं.

जगप्रसिद्ध तारे आणले तर?

सिंगापूरने मार्च २०२४ मध्ये टेलर स्विफ्टचे सहा कार्यक्रम घडवून आणले. त्यासाठी सरकारी अनुदान दिलं आणि आग्नेय आशियात दुसरीकडे कार्यक्रम होणार नाहीत अशी व्यवस्था केली. शेजारी देशांत नाराजी झाली, सिंगापूरची हॉटेलं मात्र भरली. हिशेब म्हणून ते जमलं असेल, कारण तिथे क्रीडागार, विमानतळ, मेट्रो आधीच तयार होतं. ज्या गावाकडे हे काही नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये. पाहुणा तारा निघून गेल्यावर मागे काही उरत नाही. तेवढ्या पैशात तीस छोटे कार्यक्रम वर्षभर चालतात.

रात्रीच्या आवाजाने रहिवाशांची झोप उडते, त्याचं काय?

झोप हा हक्क आहे, त्यात तडजोड नको. पण क्रम बघावा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये असा नियम केला, की संगीताची जागा आधीपासून असेल आणि शेजारी नवी इमारत उभी राहत असेल तर आवाज अडवण्याची जबाबदारी नव्याने येणाऱ्याची. नवं सभागृह जुन्या वस्तीत येत असेल तर जबाबदारी सभागृहाची. इंग्लंडच्या नगररचना धोरणातही २०१८ मध्ये हे तत्त्व आलं. ॲमस्टरडॅमने तर ‘रात्रीचा महापौर’ नेमला: रहिवासी, पोलीस, पालिका आणि रात्री चालणारे व्यवसाय यांच्यात बोलणी करून देणारा माणूस. असा माणूस असला की भांडण पोलीस ठाण्यात जाण्याआधीच सुटू शकतं.

जुगारगृहांना परवानगी द्यावी का?

माझ्या मते नको. ज्यांना द्यायचीच आहे त्यांनी निदान सिंगापूरची खबरदारी बघावी. तिथे २०१० मध्ये जुगारगृहं उघडली तेव्हापासून परदेशी पाहुण्याला प्रवेश मोफत, पण स्वतःच्या नागरिकाला आणि कायम रहिवाशाला २४ तासांसाठी १०० सिंगापूर डॉलर मोजावे लागत. २०१९ मध्ये ती रक्कम १५० केली. सरकारला स्वतःच्या माणसांना ज्यापासून दूर ठेवावंसं वाटतं ते पाहुण्यांना करमणूक म्हणून द्यावं का, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

प्राण्यांचे खेळ?

नकोत. भारताने २०१३ मध्ये डॉल्फिनच्या खेळांसाठी तलाव उभारायला परवानगी देऊ नये असं ठरवलं, आणि पर्यटनाचं त्यावाचून काही अडलं नाही.

सुरक्षेची जबाबदारी आयोजकाची की सरकारची?

आयोजक असेल तर दोघांची, नसेल तर पूर्णपणे सरकारची. २९ ऑक्टोबर २०२२ ला दक्षिण कोरियातल्या सोलच्या इतेवॉन भागात एका अरुंद, उताराच्या गल्लीत चेंगराचेंगरी होऊन १५९ माणसं गेली, बहुतेक तरुण. त्या रात्रीच्या गर्दीला अधिकृत आयोजक नव्हता. त्यामुळे सुरक्षा आराखडा कोणी करायचा हा प्रश्न कागदावर अनुत्तरितच राहिला. दुर्घटनेच्या कित्येक तास आधीपासून लोक पोलिसांना फोन करून सांगत होते, की गर्दी हाताबाहेर जाते आहे, माणसं चिरडतील.

त्याआधी २०१० मध्ये जर्मनीतल्या डुइसबुर्ग इथे एका संगीत महोत्सवात २१ जणांचा जीव गेला. आत जायचा आणि बाहेर पडायचा मार्ग बोगद्यांतून, त्याच एका उतारावरून होता. ही चूक नकाशावर दिसते, ती बघायला गर्दी जमायची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने टेबलावर बसून शिक्का मारू नये. जागेवर जावं, दारं मोजावीत, गर्दी एकदम मागे फिरली तर कुठे अडेल ते चालून बघावं. आणि कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार कोणत्या एका माणसाकडे आहे हे आदल्या दिवशीच ठरलेलं असावं. त्या क्षणी फोनाफोनी करायला वेळ नसतो.

तिकिटांचा काळाबाजार कसा रोखायचा?

कायदा करून आणि तो वापरून. जपानने जून २०१९ पासून नावावर दिलेली तिकिटं चढ्या भावाने पुन्हा विकण्याचा धंदा हा गुन्हा ठरवला. सोबत ज्याला खरोखर जाता येत नाही त्याला मूळ किमतीत तिकीट परत करायची सोय हवी, नाहीतर प्रामाणिक माणूसच अडकतो.

अपंग आणि वृद्ध प्रेक्षकांसाठी वेगळं काही करावं लागतं का?

वेगळं असं काही नाही, सगळ्यांबरोबर बसता येईल एवढं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराच्या ३० व्या कलमात नाट्यगृहं आणि पर्यटन सेवा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. उतार, बसायच्या जागा, स्वच्छतागृहं, सांकेतिक भाषेचा दुभाषी हे सगळं नकाशाच्या टप्प्यावर स्वस्त पडतं आणि नंतर महाग.

सरकारचं काम चांगलं झालं हे मोजायचं कसं?

‘एवढे लाख पर्यटक आले’ हा आकडा वर्तमानपत्रात छान दिसतो, पण त्यातून फारसं काही कळत नाही. मला जाणून घ्यायचं असतं ते वेगळं. प्रेक्षकांत गावातले किती होते? कलावंतांचे पैसे किती दिवसांत मिळाले? मागच्या वर्षीपेक्षा किती नवे गट रंगमंचावर आले? पाहुणा सरासरी किती रात्री राहिला? रहिवाशांच्या तक्रारी किती, आणि त्यांतल्या किती सुटल्या? हे पाच आकडे दरवर्षी जाहीर केले तर महोत्सवाच्या उद्घाटनाचे फोटो छापायची गरज उरणार नाही.

आमच्याकडे पैसा कमी आहे. सुरुवात कुठून करावी?

एक चौक निवडा. आठवड्यातली एक संध्याकाळ तिथे वाहनं बंद ठेवा. उजेड, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह आणि विजेची जोडणी एवढंच द्या. कोण कधी खेळ करणार याची वही गावातल्याच दोन-तीन कलाप्रेमी माणसांकडे असू द्या आणि शेवटची बस तासभर उशिरा सोडा. पहिल्या महिन्यात गावातलीच मुलं आणि म्हातारीकोतारी येतील. तेव्हा घाबरून कार्यक्रम बंद करू नका. पर्यटक ती गर्दी बघूनच थांबेल.